समर्थांचे लेखनतप

गेल्या माघ महिन्यात आपल्या मंदिरात दासनवमीच्या निमित्ताने दासबोधाचे पारायण झाले. पारायणास बसणाऱ्या मंडळींत शाळेत जाणारा एक मुलगा होता. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचून झाल्यावर त्याने आमच्या तीर्थरूपांस विचारले की, ब्रह्म, माया, आत्मा यांचा विचार सांगणाऱ्या ग्रंथात कागद, कात्र्या, खळ आणि मेणकापड यांचे काय काम? मंडळी हसली. तीर्थरूप हसले नाहीत. आरतीची वेळ झाली होती म्हणून त्यांनी उत्तर पुढे ढकलले आणि नंतर ते काम आम्हांवर सोपविले. आमचे शिक्षण हायस्कुलापलीकडे गेलेले नाही, व शास्त्राधार काढून देण्याचा आमचा अधिकारही नव्हे. परंतु श्रीसमर्थांचे चरित्र लहानपणापासून कानांवर पडलेले असल्यामुळे त्या चरित्रातच या प्रश्नाचे उत्तर शोधावे असे मनात आले. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

समर्थ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती सूर्यनमस्कार घालणारी बलदंड मूर्ती, गावोगावचे मारुती, हातातील कुबडी आणि रामनामाचा घोष. हे चित्र खरेच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग मांडी घालून, बोरू हाती धरून, कागदावर मान वाकवून गेला आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. या लेखात आम्हांस जे समर्थ सांगावयाचे आहेत ते हेच, लिहीत बसलेले समर्थ होत.

शके 1530 च्या, म्हणजे इ. स. 1608 च्या रामनवमीस मराठवाड्यातील जांब या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव आता जालना जिल्ह्यात मोडते. वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई, आणि बाळाचे नाव नारायण. ठोसरांच्या घरात सूर्याची व रामाची उपासना होती आणि गावचे कुळकर्णही होते. म्हणजे लेखणी, दौत, दप्तर या वस्तू नारायणाने घरातच पाहिल्या. थोरले बंधू गंगाधरपंत, ज्यांस संप्रदायात श्रेष्ठ म्हणतात, तेही पुढे ग्रंथकार झाले. भक्तिरहस्य व सुलभोपाय हे ग्रंथ त्यांचे. नारायण लहान असतानाच वडिलांनी देह ठेवला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुळकर्ण्याच्या दप्तरातील लिहिणे मोडीत चाले. हात न उचलता भराभर ओढलेली, अक्षरास अक्षर जोडलेली ती लिपी व्यवहाराच्या घाईस योग्य होती. पोथी मात्र बाळबोधीत लिहावयाची. एकेक अक्षर सुटे, पूर्ण, त्याच्या काना-मात्रेसह आणि कोणीही वाचले तरी तेच वाचील असे. ज्या लिपीत आज आपली मुले हिंदी व मराठी दोन्ही शिकतात तीच ही बाळबोध. मोडी लिहिणाऱ्या हातास बाळबोध लिहिताना आपला वेग आवरावा लागतो. दप्तराच्या घरात जन्मलेल्या या मुलाने पुढे जन्मभर बाळबोधीचा आग्रह धरावा यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

बारावे वर्ष लागले तेव्हा आईच्या आग्रहाने विवाह ठरला. जांबजवळच्या आसनगाव येथे अंतरपाट धरला गेला, भटजींनी सावधान म्हटले आणि नारायण खरोखरीच सावध होऊन मंडपातून निघून गेला. ही कथा सर्वांस ठाऊक आहे, तेव्हा तिचा विस्तार करीत नाही. एवढे मात्र मनात येते की कीर्तनात या प्रसंगी सारे श्रोते नारायणाच्या बाजूचे असतात. मागे राहिलेल्या वधूचे व तिच्या आईबापांचे काय झाले याची विचारपूस कोणी करीत नाही. असो. हा मुलगा पायी नाशिकास पोहोचला आणि पंचवटीच्या रामाचे दर्शन घेऊन जवळच्या टाकळी गावी राहिला. नंदिनी नदी गोदावरीस मिळते ते हे स्थान. इ. स. 1620 पासून 1632 पर्यंत, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत, येथे त्यांचे तप झाले असे संप्रदाय मानतो.

तो दिनक्रम चरित्रकारांनी वर्णिला आहे. पहाटे उठून नदीच्या पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहावयाचे व मध्यान्हापर्यंत गायत्रीचे पुरश्चरण आणि त्रयोदशाक्षरी रामनामाचा जप करावयाचा. हा जप तेरा कोटी झाला असे सांगतात. त्यानंतर पंचवटीत मधुकरी मागून आणावयाची, रामास नैवेद्य दाखवून भोजन करावयाचे. दुपारी पुराणश्रवण, ग्रंथांचे वाचन आणि लेखन. जपाची संख्या ऐकून आपण थक्क होतो आणि वाक्याच्या शेवटी आलेला लेखन हा शब्द आपल्या हातून निसटतो. त्या लेखनात काय होते? त्यात वाल्मीकींचे रामायण होते. सारे रामायण या तरुण साधकाने स्वतःच्या हाताने उतरून काढले.

वाल्मीकिरामायणाची कांडे सात आणि श्लोक सुमारे 24,000. एका अनुष्टुभ श्लोकाची अक्षरे बत्तीस. म्हणजे स्थूल हिशेबाने साडेसात लाखांहून अधिक अक्षरे होतात. रोज वीस श्लोक उतरले आणि एकही दिवस खंड पडला नाही तरी बाराशे दिवस, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. रोज दहा धरले तर साडेसहा वर्षे. ज्याच्या जवळ घर नाही, वतन नाही, ज्याचे जेवणही दारोदार मागितलेले, त्याने एवढा कागद कसा मिळविला असेल? त्या काळी कागद हाताने होत असे. दौलताबादेजवळचे कागदीपुरा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. कागद स्वस्त नव्हता. एखादे पान बिघडले तर दुसरे उचलावे अशी चैन नव्हती.

हल्ली आपण सारे लोखंडी टोकाच्या वा गोळीच्या लेखणीने लिहितो, म्हणून हाताने पोथी उतरणे म्हणजे काय याची थोडी कल्पना देतो. कागदास प्रथम खळ द्यावी लागे. खळीवाचून शाई फुटते व अक्षर पसरते. खळ वाळल्यावर गुळगुळीत दगडाने वा कवडीने कागद घोटून चकचकीत करावयाचा. मग रेघा आखावयाच्या. शाई काजळाची, डिंकात घोटलेली. लेखणी बोरूची, बोरू सुरीने तासून त्याचे टोक तिरपे तोडावयाचे, त्यास टाक तोडणे म्हणत. टाक झिजला की अक्षर जाड होते, म्हणून तो पुनःपुन्हा तोडावा लागतो, आणि नवा टाक पहिल्यासारखाच तोडला गेला नाही तर त्याच पानावर दोन माणसांनी लिहिल्यासारखे दिसते. चूक झाली तर त्या अक्षरावर हरताळ, म्हणजे पिवळी माती नव्हे तर हरताळ नावाचे पिवळे खनिज, लावून ते झाकीत आणि वर पुन्हा लिहीत. एखाद्या गोष्टीवर हरताळ फासणे असे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ते या लेखकांच्या कामातून आले आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी उतरणारा लेखक पुष्कळदा आपली पाठ, कंबर आणि मान मोडल्याचे सांगतो आणि पुढच्याने पोथी जपावी अशी विनवणी करतो. ती कवीची अतिशयोक्ती नव्हे, हे आम्ही थोड्या अनुभवाने सांगू शकतो.

आता कोणी म्हणेल की तेरा कोटी जप करणाऱ्यास या कारकुनी कामाची काय गरज? आमची समजूत अशी आहे. टाकळीस नारायणास कोणी पाठशाळा नव्हती. घर सोडले तेव्हा वय बारा वर्षांचे. संस्कृताचे जे काही शिक्षण झाले असेल ते अपुरेच असणार. अशा वेळी रामायण उतरणे हीच त्याची पाठशाळा झाली. वाचताना डोळा पुढे धावतो, कठीण शब्द वगळतो, ठाऊक आहे असे वाटले की अर्धा श्लोक गिळतो. उतरताना ही सोय नाही. हाताच्या गतीपेक्षा डोळ्यास पुढे जाता येत नाही. रामाचे वनगमन वाचावयास एक दुपार पुरते, पण ते उतरणाऱ्यास अयोध्येच्या वेशीवर कित्येक दिवस थांबावे लागते. स्वतः आईस सोडून आलेला हा मुलगा कौसल्येचा विलाप अक्षराअक्षराने उतरत होता, हे मनात आणले म्हणजे त्या दुपारींचे मोल कळते. जपाची मोजदाद माळेत राहते व माळ पुन्हा पहिल्या मण्याशी येते. उतरलेले पान मात्र उरते, आणि त्यात चूक असली तर तीही उरते.

याच टाकळीस उद्धव हा त्यांस पहिला शिष्य मिळाला. हाच उद्धव पुढे टाकळीच्या मठाचा व निजामाबादजवळच्या बोधन येथील मठाचा अधिकारी झाला, ही गोष्ट आपल्या हैदराबादकडील वाचकांस आवडेल.

पुढची बारा वर्षे तीर्थाटनात गेली. उत्तरेस व दक्षिणेस फिरून समर्थांनी देशाची दैना पाहिली. इ. स. 1644 च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. वाटेत जांबेस आईची भेट झाली; चोवीस वर्षांनी परतलेल्या मुलास तिने कसे ओळखले ते कीर्तनकार सांगतातच. कृष्णाकाठी त्यांनी मारुती स्थापिले, इ. स. 1648 मध्ये चाफळास राममंदिर उभारले आणि मठ घातले. शिवरायांची व त्यांची भेट केव्हा झाली याविषयी विद्वानांत पूर्वीपासून मोठा वाद आहे. तो या लेखाचा विषय नाही व आमच्या आवाक्यातलाही नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या काळातील मोठी घटना म्हणजे कल्याणस्वामींची भेट. त्यांचे मूळ नाव अंबाजी. कोल्हापुराकडे आईसह मामांच्या आश्रयास असलेला हा मुलगा समर्थांच्या दृष्टीस पडला आणि त्याचे अक्षर व बुद्धी पाहून समर्थांनी त्यास मागून घेतले, अशी परंपरा आहे. मसूर येथे विहिरीवर आलेली फांदी तोडावयास सांगितली असता गुरूची आज्ञा म्हणून तो विहिरीत पडण्याचे भय न धरता फांदीच्या टोकाकडे बसला, पडला, आणि सुखरूप निघाला. तेव्हापासून त्याचे नाव कल्याण. कीर्तनात ही विहीर फार गाजते. आम्हांस मात्र या कथेपेक्षा अक्षराची कथा अधिक मोलाची वाटते. गुरूने शिष्य निवडताना त्याची कांती पाहिली नाही, कुळ पाहिले नाही, त्याचा हात कागदावर कसा चालतो ते पाहिले.

महाडच्या बाजूस शिवथरची घळ आहे. वर डोंगर, बाजूस धबधबा आणि आत काळोखी, ओलावा धरलेली गुहा. येथे समर्थांनी दासबोध सांगितला व कल्याणांनी तो लिहून घेतला, असे परंपरेने मानले जाते. ग्रंथातच सहाव्या दशकात कलियुगाची 4760 वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे; त्यावरून तो भाग इ. स. 1659 च्या सुमारास रचला गेला हे निश्चित करता येते. एकूण दशक वीस, समास दोनशे, ओव्या 7751. ओव्या सांगणारा थांबत नाही, धबधब्याचा आवाज कानांवर येत आहे, आणि लिहिणाऱ्याने एकही अक्षर गाळावयाचे नाही. पावसाळ्यात तेथे कागद सादळू न देणे हेच एक तप असले पाहिजे.

आता आमच्या त्या बालमित्राच्या प्रश्नाकडे वळू. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे, आणि तो ज्याने स्वतः लाखो अक्षरे उतरली आहेत त्याचाच असू शकतो. त्यात काय नाही? अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे. शाई काळीभोर असावी. ओळी मोत्यांच्या सरांसारख्या चालाव्यात. काने, मात्रा, वेलांट्या जेथल्या तेथे असाव्यात. वरच्या ओळीची वेलांटी खालच्या ओळीस लागू नये. ग्रंथाचे पहिले अक्षर व शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. वर आम्ही टाक तोडण्याविषयी जे लिहिले ते ध्यानात घेतले म्हणजे ही अट किती कठीण आहे हे कळेल. शिशाने रेघा आखून त्यावरच लिहावे. कोणी चूक शोधू गेला तर ती सापडू नये.

मग समर्थ असे काही सांगतात की ते वाचून आम्ही थांबलो. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण तेच म्हातारपणी आपल्यास वाचता येत नाही; अक्षर मध्यम ठेवावे. आणि पानाच्या चारी बाजूंस मोकळी जागा सोडून मधोमध लिहावे. का? कारण कागद जुना झाला की तो कडेने झडू लागतो. कडा झडल्या तरी चालेल, अक्षर झडता कामा नये. ही मोकळी जागा म्हणजे समास, आणि दासबोधाच्या प्रकरणासही समास असेच म्हणतात. लिहितानाच समर्थांनी आपल्या मागे शंभर वर्षांनी येणाऱ्या झिजेसाठी जागा राखून ठेविली आहे. जगाची नश्वरता सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. त्या नश्वरतेसाठी बोटभर समास सोडा असे सांगणारा आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

यापुढे साहित्याची यादी येते. घट्ट कागद, खळ, घोटण्याची साधने, सुऱ्या, कात्र्या. नाना देशींचे बोरू, पण घट्ट, बारीक व सरळ तेवढेच निवडून. हिंगूळ, अळिता, शाईचा साठा. शेवटी बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलुपे. म्हणजे कागद आणण्यापासून कुलूप लावण्यापर्यंत सारा मार्ग या एका समासात आखलेला आहे. या समासाचा प्रारंभ ब्राह्मणास उद्देशून आहे हे आम्ही लपवीत नाही. त्या काळी पोथीलेखन बहुशः त्यांच्याच घरी होते. परंतु आता लेखणी सर्वांच्या हाती आहे. तेव्हा तो उपदेश आपल्यास नाही असे आपल्या मंदिरातील कोणीही समजू नये, आणि तो केवळ आपलाच आहे असे आमच्यासारख्या पुजाऱ्याच्या मुलांनीही समजू नये.

समर्थांचा हा आग्रह केवळ हौसेचा नव्हता. त्या काळी छापखाना आपल्याकडे नव्हता. एखादा मठ स्थापिला म्हणजे तेथे मूर्ती बसविता येई, पण ग्रंथ पोहोचवावयाचा तर कोणीतरी तो उतरलाच पाहिजे. एका प्रतीत चूक झाली तर तिच्यावरून उतरलेल्या साऱ्या प्रतींत ती जाणार. मिरजेच्या मठात वेणाबाई होत्या, त्या स्वतः ग्रंथकर्त्या. तंजावरच्या मठात भीमस्वामी होते. मराठी मुलुखापासून शेकडो कोस दूर, तमिळ बोलणाऱ्या लोकांत, दासबोधाच्या ओव्या तशाच राहिल्या त्या अशा हातांमुळे. दिवसाकाठी काही तरी लिहीत जावे व वाचन खंडू देऊ नये असा समर्थांच्या नावावर चालत आलेला उपदेश आपण शाळेत सुविचार म्हणून फळ्यावर लिहितो. मठांतल्या शिष्यांस तो सुविचार नव्हता. संध्याकाळी पोथीच्या किती ओळी उतरल्या हे मोजता येत होते.

कल्याणस्वामींविषयी आणखी एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. इ. स. 1676 च्या सुमारास समर्थ सज्जनगडावर राहू लागले. कल्याण खाली उरमोडी नदीवरून पाण्याचे मोठे हंडे खांद्यावर घेऊन गड चढत, अशी परंपरा आहे. ते हंडे गडावर दाखविले जातात. ज्या हाताने दासबोध लिहिला त्याच हाताने हे पाणी. एवढे ओझे वाहून आल्यावर हाताचा कंप थांबावयास किती वेळ लागत असेल, आणि मग बोरू धरला जात असेल, याचा विचार ज्याने कधी पाण्याची कळशी उचलून लगेच पत्र लिहावयास घेतले असेल त्याने करावा. पुढे समर्थांनी कल्याणांस परांड्याजवळच्या डोमगावास पाठविले. तेथील मठात दासबोधाची जी प्रत जतन झाली ती कल्याणांच्या हातची मानली जाते. आज घरोघरी वाचल्या जाणाऱ्या छापील दासबोधांस तिचा मोठा आधार मिळाला आहे.

शके 1603 च्या माघ वद्य नवमीस, इ. स. 1682 मध्ये, सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. कल्याण त्या वेळी जवळ नव्हते. आपल्या मागे दासबोध हेच आपले रूप समजावे असे समर्थांनी शिष्यांस सांगून ठेविले होते, असे संप्रदाय सांगतो. म्हणजे जो हात शेवटी पायांशी पोहोचू शकला नाही त्याच हाताने ते रूप आधीच लिहून ठेविले होते.

त्यानंतर दोनशे वर्षे या पोथ्या मठांच्या माळ्यांवर, देवघरांत, पेट्यांत पडून राहिल्या. काहींस वाळवी लागली, काही पाण्यात गेल्या. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांस लोक नानासाहेब म्हणत, त्यांनी इ. स. 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि मठामठांतून हिंडून समर्थसंप्रदायाची बाडे जमविण्यास आरंभ केला. इ. स. 1958 मध्ये ते वारले. तोपर्यंत हा ध्यास सुटला नाही. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात मूर्तीच्या जागी ग्रंथ आहेत. समर्थांच्या हातचे म्हणून मानले जाणारे ते वाल्मीकिरामायण याच संग्रहात आहे. टाकळीच्या त्या दुपारी अशा रीतीने आजवर उरल्या आहेत.

आपल्या इंदूरहून मुंबईस जाणाऱ्या आग्रा रस्त्यावरच धुळे लागते. आम्ही त्या रस्त्याने चार वेळा गेलो. चारही वेळा गाडी चहासाठी थांबली, आणि चारही वेळा आम्ही चहा पिऊन पुन्हा गाडीत बसलो. हे लिहिताना लाज वाटते.

तीर्थरूपांनी उत्तराचे काम आम्हांवर सोपविले त्या दिवसापासून आम्ही रोज सायंकाळच्या आरतीनंतर दासबोधाच्या वीस ओव्या वहीत उतरू लागलो आहो. बोरू मिळाला नाही. साध्या टाकाने लिहितो. नवव्या दिवशी शेवटचे शब्द सारखे असलेल्या दोन ओव्या लागोपाठ आल्या आणि आमचा डोळा पहिलीवरून थेट दुसरीच्या शेवटास उतरला. एक ओवी गळाली. आम्हांस ते कळलेही नाही. तीर्थरूपांनी पान हाती घेतले, छापील पोथी न उघडता ओवी मोजावी तसे बोट फिरविले आणि त्या जागेवर ठेवले. आम्ही पान फाडावयास निघालो तेव्हा त्यांनी वही काढून घेतली. आता ती गळालेली ओवी समासात, आडवी, लहान अक्षरात लिहिलेली आहे. समास सोडलेला होता म्हणून तिला जागा मिळाली.

प्रश्न विचारणारा तो मुलगा आता गुरुवारी येऊन बसतो. त्याची वही शाळेची, रेघा छापलेली. पहिल्या दिवशी त्याने पान कडेपासून कडेपर्यंत भरून टाकले. दुसऱ्या गुरुवारी येताना त्याने घरूनच पट्टी आणली होती. ज्या सभासदांस यात सामील व्हावयाचे असेल त्यांनी आरतीनंतर सभामंडपाच्या उजव्या ओवरीत यावे. आसन मंदिरातून मिळेल; वही व लेखणी मात्र ज्याची त्याने आणावी.